मंदावलेलं पोट आणि चिनी काढा: आईला द्यावा की नाही?

प्रश्न सिंगापूरहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंची आई ६४ वर्षांची, मधुमेह सतरा वर्षांचा. दोन घास खाल्ले की पोट गच्च, दुपारचं जेवण रात्रीपर्यंत छातीशी असल्यासारखं वाटतं, शौचाला चौथ्या दिवशी. घराजवळच्या नोंदणीकृत चिनी वैद्यांनी नाडी आणि जीभ पाहून दाणेदार पावडर दिली. चिठ्ठीवर पाच वनस्पती आहेत: दा ह्वांग, झीशी, होऊपो, बिंगलांग आणि गानत्साओ. आईला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची जोडगोळी आणि तीन महिन्यांपासून मधुमेहासाठीच आठवड्याला एक सेमाग्लुटाईडचं इंजेक्शन चालू आहे. ताई विचारतात, ‘या औषधांनी आतड्यांची हालचाल खरंच वाढते का, आणि आईला ती द्यावीत का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, वाढते. दुसऱ्याचं उत्तर: आज, या स्थितीत, देऊ नका. असं का म्हणतो ते नीट सांगतो. पोटाच्या गतीचे विकार हेच माझं रोजचं काम आहे, आणि चिनी औषधांना सरसकट हसण्यावारी नेणारे डॉक्टर मला जितके खटकतात, तितकंच ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ हे वाक्यही खटकतं.

पोटाची हालचाल ही एकच गोष्ट नाही. जठराची स्वतःची लय आहे, मिनिटाला साधारण तीन लाटा. लहान आतड्याच्या सुरुवातीला ती मिनिटाला बाराच्या आसपास असते आणि शेवटाकडे आठवर येते. या लाटा जठर-आतड्याच्या भिंतीतल्या काहालच्या पेशींतून निघतात, आणि जुन्या मधुमेहात नेमक्या याच पेशी कमी होतात, सोबत मेंदूकडून जठराला हुकूम आणणारी व्हेगस नसही दुबळी होते. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाऊन उरलंसुरलं झाडून नेते. मोठ्या आतड्याचा कारभार निराळा: तिथे दिवसातून मोजक्याच वेळा मोठी ढकल येते, बहुधा सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर. शेवटी गुदद्वाराचे स्नायू वेळेवर सैल व्हावे लागतात. मोठ्या रुग्णालयांत जुन्या बद्धकोष्ठासाठी पाठवलेल्या रुग्णांत सुमारे एक तृतीयांश जणांचं आतडं ठीक असतं, पण जोर देताना हे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. अशा माणसाला कितीही जुलाबाचं औषध दिलं तरी दारच बंद असल्यामुळे फक्त पोटात कळा येतात.

तुमच्या आईच्या तक्रारीत दोन वेगळे भाग आहेत. दोन घासांत पोट भरणं आणि अन्न तासन्‌तास वर राहणं ही जठराची तक्रार. चौथ्या दिवशी शौच ही मोठ्या आतड्याची किंवा दाराची. चिठ्ठीतली पावडर मुख्यतः दुसऱ्या भागावर काम करते.

आता ती चिठ्ठीच उलगडू. दा ह्वांग म्हणजे आपल्या गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी रेवाचिनी. त्यातली सेनोसाईडं जठरात किंवा लहान आतड्यात काहीच करत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचली की तिथले जीवाणू त्यांच्यापासून ऱ्हाइनअँथ्रोन बनवतात, आणि हा पदार्थ आतड्याला आकुंचन पावायला लावतो व पाणी शोषून घेऊ देत नाही. आपल्याकडच्या सोनामुखीत हीच द्रव्यं आहेत. म्हणजे चिनी काढ्यातला रेचक भाग आणि आपल्या घराघरातल्या ‘पोट साफ’ चूर्णातला रेचक भाग हे जवळचे भाऊबंद आहेत. चिनी वैद्यकात दा ह्वांग काढ्यात शेवटी टाकून थोडा वेळच उकळायचा अशी सूचना असते, आणि ती अनुभवातून आलेली आहे. जास्त उकळलं की रेचक द्रव्यं मोडतात, टॅनिन मागे राहतं आणि टॅनिन उलट बांधून ठेवतं. पावडरच्या रूपात ही कसरत कारखान्यात झालेली असते, घरी तुमच्या हातात काही उरत नाही.

रेवाचिनीवरचा चिनी विश्वास किती खोल होता याचं एक ऐतिहासिक उदाहरण आहे. १८३९ साली कँटनमध्ये अफूचा व्यापार मोडायला आलेल्या लिन झेशू या अधिकाऱ्याने राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्रात बजावलं होतं की चहा आणि रेवाचिनी यांच्याशिवाय परदेशी लोकांचं एक दिवसही निभणार नाही. जी अफू तो रोखत होता, तिच्यातला मोठा हिस्सा माळव्यातून येऊन मुंबई बंदरातून निघत होता. अफू आतड्याची चाल थांबवते आणि रेवाचिनी ती सुरू करते. आजही ट्रामाडॉलसारख्या, अफूच्याच जातीच्या वेदनाशामकाने आतडं आखडलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून ही जोडी मला विसरता येत नाही.

झीशी म्हणजे आंबट संत्र्याचं कोवळं, वाळवलेलं फळ, आणि होऊपो म्हणजे मॅग्नोलियाच्या झाडाची साल. चिनी वैद्यक म्हणतं की जठराची ‘छी’, म्हणजे शरीराला चालवणारी शक्ती, खाली उतरली पाहिजे, ती अडली की गच्चपणा, ढेकर, मळमळ. आपल्या वैद्यांच्या अनुलोमनाच्या, म्हणजे वायू-मळ खाली सरकवण्याच्या कल्पनेशी हे बरंच जुळतं. प्रयोगशाळेत या दोन्ही वनस्पतींचा आतड्याच्या स्नायूवर परिणाम दिसतो, पण मात्रा आणि प्राणी बदलला की तो कधी आकुंचनाचा दिसतो, कधी शिथिलीकरणाचा. झीशीत सिनेफ्रिन असतं. ते रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवू शकतं, आणि तुमच्या आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे.

बिंगलांग म्हणजे सुपारी. तीच, श्रीवर्धनच्या रोठ्याची सख्खी बहीण. तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन लाळ आणि आतड्याची हालचाल वाढवणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहींना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागांना, थेट चेतवतं, त्यामुळे गती वाढते हे खरं. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तो पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांच्या तोंडाचा आहे, थोड्या दिवसांच्या काढ्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही तोंडाचा कर्करोग घरोघरी पाहिलेल्या आपल्या माणसांना मी पोटासाठी रोज सुपारी लिहून देणार नाही.

आता सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारं नाव: गानत्साओ, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. बहुसंख्य चिनी पाठांत, म्हणजे ठरलेल्या औषधी मिश्रणांत, ते असतं, बाकीच्या औषधांचा मेळ घालायला. त्यातलं ग्लिसिऱ्हायझिन मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. तुमच्या आईच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम बाहेर टाकतं. दा ह्वांगाने जुलाब झाले तर तिसरी वाट उघडते. टेल्मिसार्टन थोडं पोटॅशियम राखतं, पण या तिघांपुढे ते पुरेल यावर मी विसंबणार नाही. पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय बिघडू शकते, आणि आतड्याचा स्नायूच लुळा पडतो. ज्या गतीसाठी औषध सुरू केलं तीच थांबते, घरचे म्हणतात ‘मात्रा कमी पडतेय’, आणि पावडर वाढवली जाते. हे चक्र मी पाहिलेलं आहे. या एका कारणासाठीसुद्धा मी आज पावडर थांबवायला सांगितली असती.

म्हणजे चिनी औषधांना पुरावा नाही असं म्हणायचं आहे का? नाही. काही पाठांचा अभ्यास मनापासून आणि नीट झालेला आहे. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग यांनी लिहिलेल्या ग्रंथातला ‘मा झी रेन वान’ हा भांगेच्या बियांचा पाठ घ्या. सहा घटक: नशा नसलेल्या भांगेच्या बिया, जर्दाळूच्या बिया, पिओनीचं मूळ, झीशी, होऊपो आणि दा ह्वांग. हाँगकाँगमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांत ४३.३ टक्क्यांना फायदा झाला, खोट्या औषधाच्या गटात ८.३ टक्क्यांना. त्याच गटाने पुढे २९१ रुग्णांत हाच पाठ, सोनामुखी आणि खोटं औषध अशी तिहेरी तुलना केली. ती २०१९ मध्ये आली. औषध चालू असताना आकडे ६८, ५७.७ आणि ३३ टक्के. औषध बंद केल्यानंतरच्या आठ आठवड्यांत ४७.४, २०.६ आणि १७.५. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. चालू असताना सोनामुखी फार मागे नाही, पण थांबवल्यावर तिचा गुण ओसरतो आणि या पाठाचा बराचसा टिकतो. असं का होतं हे शोधण्याजोगं आहे, आणि पूर्वग्रह बाजूला ठेवून शोधलं पाहिजे. मात्र हे सगळे रुग्ण दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न झालेल्या बद्धकोष्ठाचे होते. मधुमेहाने मंदावलेल्या जठराच्या बाईला हे आकडे लावता येत नाहीत.

आतड्याच्या चिडचिडीच्या विकारात, म्हणजे आयबीएसमध्ये, चित्र दुभंगलेलं आहे. १९९८ साली ऑस्ट्रेलियात ११६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ठरावीक पाठ आणि रुग्ण पाहून बदललेला पाठ, दोन्ही खोट्या औषधापेक्षा सरस ठरले. औषध थांबवून चौदा आठवडे झाल्यावर मात्र व्यक्तीनुसार दिलेल्या पाठाचाच गुण टिकून होता. मग २००६ मध्ये हाँगकाँगच्या ११९ रुग्णांत, जुलाबाच्या प्रकारच्या आयबीएसमध्ये, अकरा वनस्पतींच्या पाठाने काहीच फरक दाखवला नाही. पाठ वेगळा, रुग्ण वेगळे. ‘चिनी औषध चालतं का’ या प्रश्नाला एक उत्तर नसण्याचं कारण हेच.

जठरासाठी सर्वांत जास्त काम जपानमध्ये झालंय, जिथे चिनी पाठ कांपो या नावाने डॉक्टरच लिहून देतात. ‘लिउ जुन झी तांग’ हा जुना चिनी पाठ तिथे रिक्कुन्शितो होतो. त्याने घ्रेलिन वाढतं असं दिसलं. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक, १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेलं, जठराला हलवणारं. खाल्ल्याबरोबर पोट भरण्याच्या तक्रारीत या पाठाचा काही रुग्णांना माफक उपयोग होतो. यातही ज्येष्ठमध आहे, हे लक्षात ठेवा. दुसरा पाठ दायकेन्चुतो: सुंठ, जिनसेंग, जपानी मिरी आणि माल्टोजची साखर. या मिरीचं गोत्र आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाचंच. बांगड्याच्या आमटीतली तिरफळं जिभेला जी झिणझिणी आणतात, तशाच प्रकारची द्रव्यं आतड्यातल्या मज्जातंतूंना जागी करतात. अमेरिकेत मेयो क्लिनिकने ६० निरोगी लोकांत हा पाठ तपासला तेव्हा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अन्न लवकर पुढे सरकलं. शस्त्रक्रियेनंतर थंडावलेल्या आतड्यासाठी जपानमध्ये तो खूप वापरतात, तिथले निकाल संमिश्र आहेत. यात ज्येष्ठमध नाही ही जमेची बाजू, पण दिवसाच्या १५ ग्रॅम पावडरीत १० ग्रॅम माल्टोज असतं, ते मधुमेहात हिशेबात धरावं लागतं. आणि ताटात चार तिरफळं जास्त टाकून हा परिणाम मिळेल अशी आशा धरू नका.

या सगळ्याकडे डॉक्टर मंडळी आशेने का पाहतात याचं कारण आमच्या कपाटात आहे. ते जवळजवळ रिकामं आहे. गती वाढवणारं सिसाप्राईड हृदयाच्या लयीमुळे २००० साली अमेरिकेत बाजारातून गेलं, टेगासेरॉड २००७ मध्ये हृदयविकार-पक्षाघाताच्या धोक्यामुळे. डॉमपेरिडोनलाही हृदयाची अट आहे. मंदावलेल्या जठरासाठी अमेरिकेत मंजूर औषध आजही एकच, मेटोक्लोप्रमाईड, आणि तेही लांब चाललं तर चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या मागे लागू शकतात. मोठ्या आतड्यासाठी प्रुकॅलोप्राईड हे बरं औषध आहे. एवढ्या तुटपुंज्या सामानावर अठराशे वर्षांपूर्वीच्या पाठांकडे वळून पाहणं अगदी योग्य आहे.

आता धोक्यांविषयी, कारण सिंगापूरमध्ये पर्याय खूप आहेत आणि नातेवाईक सल्ले देतात. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून विषारी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली. शंभरावर स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, अनेकींची ती निकामी झाली आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. बद्धकोष्ठासाठी म्हाताऱ्या माणसांना देतात ती ‘हे शोउ वू’ ही वनस्पती यकृताला दुखापत करते हे नीट माहीत झालेलं आहे. ती पावडरीत असेल तर सरळ नको म्हणा. नाव-गाव नसलेल्या, इंटरनेटवरून मागवलेल्या ‘पोट सपाट’ कॅप्सुलांमध्ये न सांगता मिसळलेलं, भूक मारणारं सिब्युट्रामिन किंवा स्टेरॉइड सापडल्याचे इशारे सिंगापूरचं आरोग्य खातं वेळोवेळी देतं. तुमचे वैद्य नोंदणीकृत आहेत आणि घटकांची नावं लिहून देतात, ही चांगली गोष्ट आहे. माझा आक्षेप त्यांच्या प्रामाणिकपणावर नाही. त्यांना आईच्या गोळ्यांची पूर्ण यादी दाखवली होती का, हे मात्र तुमच्या प्रश्नात नाही.

रेवाचिनी, सोनामुखी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचं अस्तर कोलोनोस्कोपीत तपकिरी-काळं, सापाच्या कातीसारखं दिसतं. नगर-सोलापूरकडच्या, वर्षानुवर्षं चूर्ण घेणाऱ्या कितीतरी लोकांत मी ते पाहतो. लोक घाबरतात. ते स्वतः कर्करोग नाही आणि औषध थांबवल्यावर सहसा वर्षभरात ओसरतं. पण आतड्याला रोज हाकलावं लागतंय, मूळ कारण कुणी शोधलेलं नाही, याची ती खूण असते.

तर मूळ कारण. ताई, तुमच्या प्रश्नात मला पहिल्यांदा दिसलं ते सेमाग्लुटाईड. ते जठर रिकामं होण्याचा वेग मुद्दाम कमी करतं, बद्धकोष्ठही करतं. तक्रारी इंजेक्शनच्या आधीपासून होत्या की नंतर सुरू झाल्या, मात्रा वाढवल्यावर वाढल्या का, हे आईला शांतपणे विचारा. एक औषध जठराला ब्रेक लावतंय आणि दुसरं ढकलतंय, अशी ओढाताण करण्यात अर्थ नाही. मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनची मात्रा कमी करणं किंवा काही आठवडे थांबवणं हा पहिला प्रयोग असावा. स्वतःहून बंद करू नका, साखर बेकाबू होईल. आणि रक्तातली साखर २०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या (सिंगापूरच्या मापात सुमारे ११ मिलिमोल/लिटरच्या) वर राहिली की जठर तेवढ्यानेही मंदावतं.

सोबत रक्ताच्या तपासण्या: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन. पावडर घेऊन काही दिवस झाले असतील तर पोटॅशियम या आठवड्यातच. आई लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या घेते का, तेही पाहा. वय ६४ आहे, म्हणून जठराची एंडोस्कोपी आणि, आधी झाली नसेल तर, कोलोनोस्कोपी व्हायला हवी. अडथळा असताना गती वाढवणारं कोणतंही औषध, चिनी असो की आमचं, धोक्याचं. त्यानंतर जठर किती वेगाने रिकामं होतं याची स्कॅन तपासणी. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न शिल्लक असेल तर जठर मंद आहे. प्रमाणित तपासणीत अंड्याच्या पांढऱ्याचं जेवण देतात. आई शाकाहारी असेल तर केंद्राला आधीच सांगा. आणि सेमाग्लुटाईड चालू असताना केलेली तपासणी वाचताना ते लक्षात घ्यावं लागतं. शौचासाठी जोर लावावा लागतो, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, बोटाचा आधार घ्यावा लागतो, असं असेल तर गुदद्वाराच्या दाबाची तपासणी आधी करा. तिथे दोष निघाला तर औषधापेक्षा बायोफीडबॅकचे, म्हणजे यंत्रावर दाब पाहत स्नायू सैल करायला शिकवणारे, व्यायाम जास्त गुण देतात. हे प्रश्न विचारायला आपल्या आया लाजतात. लेकीने विचारलं तर सांगतात.

जेवणाबद्दल एक गोष्ट मराठी घरांसाठी मुद्दाम सांगतो. बद्धकोष्ठ म्हटलं की आपण रात्री इसबगोल, सकाळी कोशिंबीर, कडधान्यं वाढवतो. मोठ्या आतड्यासाठी ते बरोबर, पण जठर मंद असेल तर हाच चोथा वर साचून राहतो आणि क्वचित त्याचा गोळा बनतो. स्कॅन होईपर्यंत इसबगोल थांबवा. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान, कमी तुपातेलाची, मऊ: मुगाचं पातळ वरण, मऊ भात किंवा मऊ शिजवलेल्या भगरीचा लहान वाटा, शिजवून घोटलेली दुधी-भोपळ्याची भाजी, ताक. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये, दहा-पंधरा मिनिटं चालावं. शौचासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरुवातीला सुरक्षित आहे. ती आतड्याला हाकलत नाही, फक्त पाणी धरून ठेवते.

ग्लिमेपिराईडकडे विशेष लक्ष ठेवा. अन्न जठरात अडलेलं आणि गोळी रक्तात पोहोचलेली, असं झालं की जेवल्यानंतरही साखर घसरते. घाम, थरथर, अचानक गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर आधी साखर मोजा, आणि ७० च्या (सिंगापूरच्या मापात सुमारे ३.९ च्या) खाली असेल तर पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज द्या, बिस्किट नको. मंद जठरातून बिस्किट लवकर पोहोचत नाही.

हे सगळं झाल्यावर, जठर ठीक निघालं, अडथळा नाही, क्षार नेमके आहेत आणि उरलं ते केवळ मंद मोठं आतडं, तर चिनी औषध करून बघायला माझी हरकत नाही. तेव्हा वैद्यांना आईच्या गोळ्यांची यादी द्या, ज्येष्ठमध आणि सुपारी वगळता येईल का विचारा, तयार पाठ असेल तर सिंगापूरच्या आरोग्य खात्याकडे नोंद असलेलाच घ्या, सुरुवातीची मुदत आठ आठवड्यांची ठरवा आणि दुसऱ्या आठवड्यात पोटॅशियम व यकृताची तपासणी पुन्हा करा. शौचाची रोजची नोंद ठेवा, म्हणजे गुण आला की नाही हे आठवणीवर सोडावं लागणार नाही.

पण उलटीत आदल्या दिवशीचं अन्न दिसलं, पोट फुगून वायूही सरकेनासा झाला, शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग आला, वजन उतरत असेल, छातीत धडधड किंवा पाय लटके पडल्यासारखे वाटले, तर यातलं काहीही करत बसू नका. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा आणि पावडरीची बाटली व चिठ्ठी सोबत न्या.